तांबटआळीची हातबोली

फार पूर्वी एका गावात तांबटांची आळी होती. सूर्य उगवला की तिथे हातोड्यांचा घणघणाट चालू होई, तो दिवस मावळेपर्यंत थांबत नसे. तांब्याच्या पत्र्यावर ठोके घालून हंडे, घागरी आणि पराती घडवणारी ती माणसे. मांडीला मांडी लावून बसलेल्याचे शब्दही त्यांच्या कानी पडत नसत. म्हणून त्या आळीत पिढ्यान्‌पिढ्या एक रीत रुळली होती. काम चालू असताना कोणी तोंडाने बोलत नसे. मूठ उघडली की 'दे', तळवा खाली दाबला की 'थांब', बोटे नाचवली की 'विस्तव वाढव'. अशा मोजक्या खुणांवर आळीचे सारे काम चाले.

या आळीतल्या एका तांबटाला मुलगी झाली. तिचे नाव आवडी. वर्षाची झाली तरी ती हाकेला वळेना. एके दिवशी तिच्या उशाशी एक भली मोठी परात कोसळली. दारातले कुत्रे शेपूट घालून पळाले, पण आवडीची झोप मोडली नाही. तेव्हा घरच्यांना कळून चुकले, की मुलीचे कान जन्मापासूनच बंद आहेत.

सासूबाई तांबटिणीला म्हणाल्या, "सूनबाई, रडू नकोस. आपल्या आळीत ऐकण्यासारखे आहे तरी काय? ठोकेच ना? आपल्या खुणा शिकव तिला. 'घे', 'दे', 'थांब' एवढे कळले की चिंच लावून भांडी घाशील. दोन घास सुखाने खाईल."

तांबटिणीच्या मनाला मात्र एक विचार सतावू लागला. आळीच्या खुणांत 'दे' म्हणता येत होते. 'का' म्हणता येत नव्हते. समोरचा हंडा दाखवता येत होता; काल फुटलेला, उद्या घडायचा, स्वप्नात दिसलेला हंडा दाखवता येत नव्हता. मोठ्यांचे त्यावाचून अडत नसे, कारण उरलेले सगळे ते संध्याकाळी ओट्यावर बसून तोंडाने बोलत. आवडीला मात्र ती संध्याकाळ नव्हती.

याचा प्रत्यय लवकरच आला. तांबट भांडी घेऊन परगावच्या बाजाराला निघाला, तेव्हा आवडीने आकांत मांडला. जे डोळ्यांआड गेले ते संपले, एवढेच तिला ठाऊक. बाबा परत येणार आहेत, हे तिला सांगायचे कसे? त्यासाठी 'उद्या' हवा, आणि आळीच्या हातांत 'उद्या' नव्हता.

तेव्हा तांबटिणीने तो घडवला. गाल तळहातावर टेकवून झोप दाखवली, मग मूठ हळूहळू वर नेऊन उगवता सूर्य दाखवला. तसाच तिने 'काल' घडवला, 'का' घडवला, 'जर' घडवला. दिवसभर ती लेकीशी हातांनी बोलू लागली. कणीक मळताना थांबून सांगे, "पीठ सैल झाले. का? पाणी अधिक पडले." चिमण्या उडाल्या की सांगे, "मांजर आले नसते, तर त्या उडाल्या नसत्या."

शेजारीण दारातून ओरडे, "काय गं वहिनी, भाकऱ्या थापतेस की नाचतेस?"

"दोन्ही! तुमच्याकडे भाकरीबरोबर नाच मिळत नाही वाटतं?"

आवडी टक लावून पाही, पण उत्तर देत नसे. महिने लोटले. सासूबाई कंटाळल्या. "भिंतीशी बोलते आहेस तू. भिंत कधी बोलली आहे का?"

"सासूबाई, घागर काठोकाठ भरल्यावरच सांडते," तांबटीण म्हणाली. "तोवर ती भरतच नव्हती, असे कोणी म्हणेल का?"

पुढच्या वेळी तांबट बाजाराला गेला, तेव्हा वाटेत नदीला पाणी चढल्याची वार्ता आली. सासूबाई उंबऱ्यावर डोळे पुसत बसल्या. आवडी त्यांच्याजवळ गेली. हनुवटी धरून तिने आजीचे तोंड आपल्याकडे वळवले. गाल तळहातावर टेकवला. मूठ वर नेली. मग वडिलांच्या मिशांची खूण केली आणि बोटांची पावले घराच्या दिशेने चालवली.

सासूबाईंनी नातीला छातीशी धरले आणि हाक मारली, "अगं सूनबाई, भिंत बोलली! बाबा उद्या येतील म्हणते!"

खरोखरच दुसऱ्या दिवशी तांबट सुखरूप परतला. सासूबाईंनी सुनेपुढे बैठक मारली. "मलाही शिकव. 'लबाड'ला काय खूण करायची? मला ती दिवसातून पुष्कळदा लागेल." आजी शिकली, म्हणून शेजारीण शिकली; शेजारीण शिकली, म्हणून तिची पोरे शिकली. आता आळीत कामाच्या वेळीही थट्टा रंगू लागली, आणि ठोके चुकतात म्हणून म्हातारे तांबट लटके रागावू लागले.

आवडी पाच वर्षांची झाली. गावाबाहेर एक पाठशाळा होती. तिथे मुले आणि मुली एकत्र शिकत. तिथले गुरुजी विद्वान होते आणि शब्दांच्या बाबतीत फार काटेकोर होते. आवडीला घेऊन तांबटीण त्यांच्याकडे गेली.

गुरुजी म्हणाले, "बाई, मी कोणालाही उगाच परत पाठवत नाही. पण विद्या वाणीतून येते. विचारालाही शब्दांचे पाय लागतात. जिला शब्दच नाही, तिला मी काय शिकवू?"

"गुरुजी, तिच्याकडे शब्द आहेत. ते तोंडात नाहीत, हातांत आहेत."

"हाताने वस्तू दाखवता येते. न दिसणाऱ्या गोष्टीचा विचार तिला करता येतो का, हे मला पाहावे लागेल. येत असेल तर मी तिला शिकवीन. नसेल, तर मला पुन्हा गळ घालू नकोस."

"मान्य आहे," तांबटीण म्हणाली. गावात दुसरी पाठशाळा नव्हती.

गुरुजींनी एका मोठ्या विद्यार्थ्याला बोलावले. सर्वांदेखत त्याने आपली लेखणी कोनाड्यात ठेवली आणि तो पाणी आणायला विहिरीवर गेला. तो दिसेनासा होताच गुरुजींनी लेखणी उचलली आणि आपल्या आसनाखाली दडवली.

मग आवडीच्याच वयाच्या एका मुलाला त्यांनी विचारले, "तो परत आला की लेखणी कुठे शोधील?" हा मुलगा गावातल्या मोठ्या व्यापाऱ्याचा. त्याचे दोन्ही कान उत्तम होते.

"आसनाखाली!" मुलगा ठासून म्हणाला. मोठी मुले खुदकन हसली.

"हसू नका," गुरुजी म्हणाले. "बाळ, तुझ्याशी घरी काय काय बोलतात?"

मुलाने आठवून सांगितले, "खा. झोप. गप्प बस."

गुरुजींनी हलकेच सुस्कारा सोडला आणि ते तांबटिणीकडे वळले. "आता हाच प्रश्न तू तिला विचार. विचारून झाला की भिंतीकडे तोंड कर, म्हणजे उत्तर तिचेच असेल."

तांबटिणीने हातांनी प्रश्न विचारला आणि पाठ फिरवली. समोर कोरी भिंत होती. मागे काय चालले आहे, ते तिला दिसत नव्हते. एवढ्या वर्षांत लेकीच्या हातांवरून तिची दृष्टी प्रथमच हटली होती.

आवडी उठली. तिने आसनाकडे पाहिले, दाराकडे पाहिले. मग ती चालत गेली आणि रिकाम्या कोनाड्यावर तिने हात ठेवला.

एवढ्यात तो विद्यार्थी पाणी घेऊन आला. कळशी खाली ठेवून तो थेट कोनाड्याकडे गेला आणि चाचपडत म्हणाला, "अरेच्चा! माझी लेखणी कुणी घेतली?"

पाठशाळा हसण्याने दुमदुमली. गुरुजी मात्र हसले नाहीत. "बाई, आता वळ. तिला विचार, का?"

तांबटिणीने विचारले, "का?" आवडीचे हात भराभर चालू लागले, आणि आई ते मोठ्याने सांगू लागली. "तो बाहेर होता... त्याने पाहिले नाही... लेखणी आसनाखाली आहे... पण..."

इथे ती अडखळली. आवडीने कपाळाजवळ मूठ अशी मिटली होती, जणू तिथून काही उचलून आत घट्ट धरले आहे.

"पण काय?" गुरुजींनी विचारले.

"गुरुजी, ही खूण मला ठाऊक नाही. मी ती शिकवलेली नाही. आळीतही कोणी करत नाही."

आवडीने आईकडे पाहिले. आईला कळले नाही, हे तिला कळले. मग ती त्या विद्यार्थ्याजवळ गेली. कोनाड्याकडे बोट दाखवून तिने ते त्याच्या कपाळाला लावले, आणि तिथेच पुन्हा मूठ मिटली. नंतर आसनाकडे बोट करून नकारार्थी मान हलवली.

तांबटीण गुरुजींकडे वळली. "ती म्हणते, लेखणी आसनाखाली आहे. पण त्याच्या डोक्यात ती अजून कोनाड्यातच आहे."

गुरुजी आसनावरून उठले.

"याला आपण 'समज' म्हणतो," ते सावकाश म्हणाले. "डोळ्यांना न दिसणारी आणि हातांत न सापडणारी गोष्ट. हा शब्द आपल्याला वाडवडिलांकडून आयता मिळाला. तिला तो कोणी दिला नव्हता. तिला गरज पडली आणि तिने तो घडवला. बाई, तू हिला शब्द दिलेस एवढेच नव्हे; शब्द घडवण्याची बुद्धी या शब्दांनीच तिच्यात रुजवली. अशी विद्यार्थिनी मला मिळते आहे, याचा मला अभिमान वाटतो."

"आणि मला, गुरुजी, ती माझी लेक आहे याचा," तांबटीण म्हणाली, आणि तिने मान ताठ केली.

त्याच दिवशी आवडी पाठशाळेत बसली. व्यापाऱ्याला गुरुजींनी निरोप धाडला, की मुलाशी रोज संध्याकाळी गप्पा माराव्यात आणि त्याच्या प्रत्येक 'का'ला उत्तर द्यावे. मग त्यांनी शिष्यांना गोलाकार बसवले, स्वतः आवडीसमोर बसले आणि तिची नवी खूण करून पाहिली. त्यांची मूठ कपाळावर न जाता कानाजवळ मिटली. आवडीने कपाळाला हात लावला, त्यांचे मनगट धरले आणि ते योग्य जागी नेले.

सासूबाईंनी ही हकीकत ऐकली, तेव्हा त्या म्हणाल्या, "गुरुजींनाही चुका दाखवते? माझीच नात ती!"

या कथेचे तात्पर्य एवढेच: लेकराशी बोललेला शब्द वाया जात नाही. मग तो मुखाने बोललेला असो वा हाताने, त्यातूनच त्याची बुद्धी आकार घेते.