आज्ञेचा उत्तरार्ध

विषय : शस्त्रविद्येच्या विद्यार्थ्यांस बऱ्यावाईटाचा विचार शिकवावा किंवा कसे.
संदर्भ : जेतवनातील भिक्खूंनी शास्त्यांपुढे, म्हणजे आपल्या गुरूंपुढे, तोंडी मांडलेली शंका.

उपरोक्त विषयी निवेदन असे की, सोमिल नावाचा एक भिक्खू पूर्वी सैनिक होता. त्याला काहीही काम सांगितले की तो आधी विचारी, "याचा त्रास कोणाला होईल?" अंगण झाडायचे म्हटले तरी मुंग्यांची चौकशी होई. "असला माणूस सैन्यात टिकला कसा?" असे भिक्खूंनी हसत विचारले. "या जन्मी टिकला नाही आणि मागच्याही जन्मी नाही," असे म्हणून शास्त्यांनी ही पूर्वकथा सांगितली.

अश्मक देशात राजा दृढवर्मा राज्य करीत असताना बोधिसत्त्व तेथील शस्त्रशाळेत नीतीचे आचार्य होते. नीतीला दुपारच्या जेवणानंतरची घटका नेमून दिलेली होती, यावरून दरबारात त्या विषयाचे वजन किती होते ते कळावे. निम्मे विद्यार्थी झोपत. उरलेले, परीक्षेला काय येईल, एवढेच विचारत.

शाळेची जुनी रीत अशी, की मिळालेली आज्ञा विद्यार्थ्याने मोठ्याने परत उच्चारायची आणि मगच निघायचे. बोधिसत्त्वांनी या रीतीला एक उत्तरार्ध जोडला. ती आज्ञा कोणाकोणाच्या अंगावर जाणार, म्हणजे तिची झळ कोणाला लागणार, तेही उच्चारायचे. "आज्ञा मोडू नका," ते सांगत, "पण अर्धी ऐकू नका." विद्यार्थ्यांना थट्टेला विषय मिळाला. "पाणी आणतो. बेडकांच्या अंगावर जाणार," असे म्हणत ते विहिरीवर जात. पिंगल नावाचा एक विद्यार्थी मात्र दर वेळी खरोखरच विचार करी. त्याचे पाणी उशिरा येई.

पुढे सीमेवर युद्ध लागले. शत्रूने तळ्याखालच्या सपाटीवर छावणी टाकली. सेनापती शूरदेव यांनी पिंगलाला पन्नास माणसे दिली आणि म्हणाले, "तळ्याचा बांध फोड."

"तळ्याचा बांध फोडतो," पिंगल म्हणाला आणि सवयीने पुढेही बोलला, "शत्रूच्या छावणीवर जाणार. वाटेतल्या कुंभारवाडीवरही जाणार. तीस घरे आहेत."

वाडी शूरदेवांना ठाऊक होती. कोणी ती मोठ्याने म्हटली नव्हती, इतकेच. "उशीर करू नकोस," ते म्हणाले.

पिंगलाने उशीर केला. त्याने आधी वाडी रिकामी केली. एक म्हातारी कुंभारीण हलेना. "भट्टी पेटलीय बाबा. तुझं युद्ध थांबंल, माझी मडकी थांबायची न्हाईत," ती म्हणाली. अखेर दोन सैनिकांनी तिला उचलून टेकडीवर नेले. तिने दोघांनाही वाटभर शिव्या दिल्या.

यात एक प्रहर गेला. बांध फुटला तेव्हा सावध झालेला निम्मा शत्रू वरच्या अंगाला सरकला होता. युद्ध जिंकले, पण चार दिवस लांबले. त्या चार दिवसांत अकरा सैनिक पडले.

पिंगलाला सैन्यातून काढावे, अशी मागणी शूरदेवांनी दरबारात केली. "ते अकराजण माझे होते," ते म्हणाले. "त्यांची नावे मला पाठ आहेत. याला आहेत का विचारा."

पिंगलाने अकराही नावे सांगितली. गावांसकट सांगितली. शूरदेव खाली बसले.

राजाला प्रकरण मिटवायचे होते. "आचार्य, तुमचा तो उत्तरार्ध शाळेपुरताच होता ना? तसे म्हणा. पोराने धडा चुकीच्या जागी वापरला, एवढे लिहून घेऊ. तो जाईल. राजगुरूचे आसन रिकामे आहे, त्यावर तुम्ही बसाल."

"नाही महाराज," बोधिसत्त्व म्हणाले. "तो युद्धासाठीच होता. पाणी आणायला त्याची गरज नव्हती. याला काढायचे तर आधी मला काढा."

"म्हणजे याने केले ते बरोबर?"

"वाडी वाचवली ते बरोबर. पण त्या अकराजणांच्या आयांना मी हे सांगायला गेलो, तर त्या मला दारात उभे करणार नाहीत, आणि तेही बरोबर. यातून सोडवील असे उत्तर माझ्याजवळ नाही. कोणावर काय जाणार ते बघून निवडावे, एवढे मी शिकवले. निवडल्यावर ते किती जड होते, ते शिकवायचे राहिले. तो दोष माझा."

राजा सज्जन होता, म्हणून त्याने निर्णय दिला नाही. पिंगलास पुढील आज्ञेपर्यंत घरी बसवले आणि परत घेण्याविषयी रीतसर अर्ज करण्यास सांगितले. बोधिसत्त्वांनी राजगुरूचे आसन नाकारले आणि अर्ज स्वतः लिहिला. तो शूरदेवांच्या हातून पुढे जायचा होता. त्यांनी तीन दिवस ठेवून घेतला आणि खाली एक ओळ लिहिली : "हा माझ्या तुकडीत असावा."

ही कथा सांगून शास्ते म्हणाले, "तेव्हाचा पिंगल म्हणजे आजचा सोमिल. शूरदेव म्हणजे तुमच्यात सर्वांत मोठ्याने हसला तो. कुंभारीण सोमिलाला रोज भिक्षा वाढते, आणि अजून बोलते. आचार्य मी होतो. डोळे उघडे ठेवणारी प्रज्ञा आणि उघड्या डोळ्यांना सोसवणारी करुणा, या दोन्ही मिळून पारमिता, म्हणजे गुणाची परिपूर्णता, होते."

मोठ्याने हसलेल्या भिक्खूने जरा वेळाने विचारले, "भन्ते, त्या अर्जाचे काय झाले?"

"दृढवर्म्याने तो वाचायला ठेवला होता," शास्ते म्हणाले. "त्याच्यामागून सात राजे झाले. अर्जावर अद्याप निर्णय झालेला नाही."