सोऱ्याचं रुंद तोंड

पितळेची भांडी चिंचेनं घासली जात, त्या काळची गोष्ट. सगुणाबाईंच्या स्वयंपाकघरात नवा सोऱ्या आला. तोंड चांगलं रुंद, दट्ट्या अलगद सरकणारा. सगळे त्याला ‘चकलीचा सोऱ्या’ म्हणत, तेवढं मात्र त्याला खटके; आपल्या नावाआधी चकली कशाला?

भाजणी मळून झाली. जुन्या सोऱ्याची चकलीची चकती याच्यात बसवली, तर ती थेट परातीत पडली.

“माझ्यापुरती कड ठेवायचीस रे,” चकती म्हणाली.

“मी का? तूच रुंद हो!” सोऱ्या फणकारला.

“झाले असते. पण माझ्यातली ही चांदणी नव्यानं कोरणारा हात आता राहिला नाही.”

“मग बस तिथंच. बाई, भरा पीठ! हिच्यावाचून माझं काही अडत नाही.”

सगुणाबाईंनी पीठ भरून दट्ट्या दाबला. गोळा जसा आत गेला, तसाच धपकन खाली आला. पोरं खदखदून हसली. सोऱ्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी कासाराला तो स्वतःच म्हणाला, “मामा, तोंड रुंदच राहू द्या. पण आत जुन्या मापाचं एक कडं बसवा.”

संध्याकाळी शेजारीण दारात आली. “चकलीचा सोऱ्या देता का हो?”

फळीवरून उतरण्याआधी सोऱ्यानं चकतीला हाक मारली.