सिरॅमिक बेअरिंगचा तोरा

रिंकवर अजून शहाबादी फरशी होती, तेव्हाची गोष्ट. मृण्मयीच्या स्केट्सच्या चाकांत बाकी सगळी बेअरिंगं पोलादी होती, एकच नवं, महागडं सिरॅमिकचं.

दर रविवारी मृण्मयी पोलादी बेअरिंगं रॉकेलमध्ये धुऊन त्यांना तेल द्यायची. सिरॅमिक नाक मुरडायचं, "हे लाड गंजणाऱ्यांचे! मला गरज नाही." दुकानदारानेही तेच सांगितलं होतं, म्हणून मृण्मयीने सिरॅमिकला कधी हात लावला नाही. ओल्या फरशीवरही त्याची मिजास तशीच.

ऐन शर्यतीत सिरॅमिकचंच चाक करकरून अडलं आणि मृण्मयी तोंडावर आपटली. बेअरिंग उघडलं, तर आतल्या गोळ्या चकचकीत, पण त्यांच्याभोवतीची कडी गंजून लाल झालेली.

"बाहेरच्यांचा गंज लागला," सिरॅमिक पुटपुटलं.

"बाहेरच्यांचा?" जुनं पोलादी बेअरिंग म्हणालं. "अरे, ज्या कडीत बसून आम्हाला हिणवत होतंस, ती पोलादाचीच आहे."