गिरजेची फळी

निंबारीच्या घाटावर होडीत चढताना पाहुण्यांना एवढंच सांगतात, मधल्या फळीवर बसू नका. का, म्हणून विचारलंत, तर आधी तुम्हालाच न्याहाळून घेतील. कुठले, कुणाकडे आलात, कुठल्या काठाला? या भागाची खोडच आहे ती. मग होडी सुटली की सांगतात.

आता नकाशात सापडायचा नाही, पण पूर्वी निंबारी नावाचा लोकसभेचा मतदारसंघ होता. नदीचे दोन्ही काठ त्यात एकत्र बांधलेले. अलीकडच्यांचा पलीकडच्यांवर काडीचा विश्वास नाही, आणि खासदार मात्र दोघांत एक! पलीकडची मतपेटी होडीतूनच अलीकडे यायची. पहिल्याच निवडणुकीत पलीकडचा उमेदवार पडला आणि बोभाटा झाला, पेटी नदीत बदलली. होडी होती मसू भोयाची. झालं, मसू चोर ठरला. पुरावा कुणी मागितला नाही. दुसरी होडी नव्हती म्हणून लोक त्याच्याच होडीत बसत, पण उतरताना आपलं गाठोडं चाचपून बघत. मसूला ते सोसेना. त्याने घाटावर यायचंच सोडलं.

वल्हं हाती घेतलं ते त्याच्या बायकोने, गिरजेने. प्रत्येक चाचपलेलं गाठोडं तिच्या जिवाला लागत होतं. पुढची निवडणूक आली तेव्हा तिने भर घाटावर शपथ घेतली, असं सांगतात. "पेटी मधल्या फळीवर ठेवा. दोन्ही काठचा एकेक माणूस तिच्यावर हात ठेवून बसू दे. मी पेटीकडे पाठ करून वल्हवीन. मग बघते माझ्या धन्याला चोर कोण म्हणतं ते."

अलीकडून रावजी ढोणे बसला, पलीकडून आबाजी शेवाळे. निवडणुकीचे साहेब पाण्याला भ्यायले आणि लांबच्या पुलावरून गेले म्हणे. खरं-खोटं नदीला ठाऊक. मला काही ते पटत नाही.

धारेला त्या दिवशी ओढ फार होती. मधल्या बैलखडकाला होडी घासली, बुडाला भेग पडली आणि पाणी आत येऊ लागलं. वल्हं सोडावं तर होडी पुन्हा खडकावर जाणार. गिरजा मागे न बघता ओरडली, "उपसा की रं बाबांनो!"

"त्याला आधी हात काढू दे," रावजी म्हणाला.

"मी बरा काढीन," आबाजी म्हणाला.

पाणी घोट्यावर आलं, पोटऱ्यांना लागलं. दोघांचे हात पेटीवरच. शेवटी काठ जवळ दिसू लागला तशी होडीचा भार कमी व्हावा म्हणून गिरजेने पाण्यात उडी टाकली आणि मागून होडी रेटली. होडी काठाला लागली. गिरजा धारेला लागली. तिचा हात वर आलेला दोघांनीही पाहिला म्हणे, पण धरायला पेटी सोडावी लागली असती.

पेटीचं सील जसंच्या तसं निघालं. तरी लोक कितीतरी दिवस खालच्या गावांत चौकशी करत होते, बाई कुठे निघाली का, बरोबर पेटीतलं काही होतं का. अखेर रावजी आणि आबाजी चावडीत रडत उभे राहिले आणि घडलं ते सांगितलं. मग मसूच्या दाराशी सगळे गेले, वल्हं परत घे म्हणाले. मसू म्हणाला, "घेतो. पण तिची फळी रिकामी राहील. आणि खडकापाशी आधी दोन्ही काठांनी त्या फळीवरचे हात उचलायचे, मगच मी वल्हं मारीन."

पुढे मतदारसंघाच्या हद्दी बदलल्या, निंबारीचं नाव गेलं. दोन काठ दोन मतदारसंघांत पडले. पेटी आता कुणी नदीतून नेत नाही.

आजही होडी बैलखडकापाशी थांबते. दोन्ही काठचा एकेक जण रिकाम्या फळीवर हात ठेवतो, एकमेकांकडे बघत उचलतो आणि होडी कोरडी असली तरी ओंजळीने पाणी उपसल्यासारखं करतो. आधी कोण, यावरून अजून थोडी कुरकुर चालतेच. ते दोन्ही हात उचलले जाईपर्यंत होडीवाला वल्हं मारत नाही.