टिकलीची अंडी आणि खादाड अळी

हिरव्या हिरव्या शेतात, बुटक्या बुटक्या हरभऱ्यात, होती एक किडुकली. नाव तिचं टिकली. लाल लाल पाठ, पाठीवर काळे ठिपके.

एका पानाखाली टिकलीची अंडी होती. पिवळी पिवळी, इवली इवली. शेजारच्या पानावर टिकली निजायची.

एकदा टिकली खाऊ शोधायला गेली. परत येते तर काय! निजायचं पानच नाही! तिथे बसली होती एक हिरवी गुबगुबीत अळी. करम करम, करम करम.

"अळीबाई, अळीबाई, माझं पान का खाल्लंस?"

"आंबट होतं. आवडलं! आता हे खाणार, मग हे खाणार, मग ते खाणार."

'ते' म्हणजे अंड्यांचं पान!

"थांब ना गं!"

"नाही थांबणार!" करम करम, करम करम.

टिकली उडाली. भिर्र भिर्र! तारेवर कोतवाल पक्षी बसला होता. काळा काळा, शेपटी कात्रीसारखी.

"कोतवालदादा, कोतवालदादा, अळी थांबेना, माझी अंडी वाचेनात! तू अळी खा ना!"

"खाईन की! पण शेतात बसू कुठे? हरभरा एवढासा बुटका. काठी उभी राहिली तर बसेन."

"आणि मला नाही ना खाणार?"

"शी! तू कडू!"

टिकली उडाली. भिर्र भिर्र! बांधावर तुराटी पडली होती. तुराटी म्हणजे तुरीची वाळकी काठी. लोळत होती आळशी.

"तुराटीताई, तुराटीताई, कोतवाल बसेना, अळी थांबेना, माझी अंडी वाचेनात! तू उभी राहा ना!"

"मला काय पाय आहेत? खुरप्याने खड्डा खणला तर राहीन."

शेतात आवाज येतच होता. करम करम, करम करम. एक पान संपलं!

टिकली उडाली. भिर्र भिर्र! खुरपं गवतात पडलं होतं.

"खुरपेदादा, खुरपेदादा, तुराटी उभी राहीना, कोतवाल बसेना, अळी थांबेना, माझी अंडी वाचेनात! तू खण ना!"

"मी काय आपला आपण खणतो? शेतवाली वनितामावशी आली तर खणेन."

टिकली उडाली. भिर्र भिर्र! बोरीच्या झाडाखाली वनितामावशी उभी होती. फांदीला झोळी, झोळीत बाळ. मावशी झोका देत होती, पण बाळ काही ऐकत नव्हतं.

"वनितामावशी, वनितामावशी, खुरपं खणेना, तुराटी उभी राहीना, कोतवाल बसेना, अळी थांबेना, माझी अंडी वाचेनात! तू ये ना!"

"अगं बाई, अळी पडली? मग पंप आणते, औषध मारते!"

"नको नको नको! औषधानं अळी जाईल, अंडी जातील, मीसुद्धा जाईन!"

"खरंच की गं! मग येते. पण बाळ गप्प झालं तर."

करम करम, करम करम. आणखी एक पान संपलं! आता राहिलं फक्त अंड्यांचं पान!

टिकली उडाली. भिर्र भिर्र! झोळीत बाळ रडत होतं. ट्यांहां! ट्यांहां!

"बाळराजा, बाळराजा, मावशी येईना, खुरपं खणेना, तुराटी उभी राहीना, कोतवाल बसेना, अळी थांबेना, माझी अंडी वाचेनात! तू गप्प हो ना!"

बाळ म्हणालं, "ट्यांहां!"

आता बाळाला काय समजणार? टिकली इकडे उडाली, तिकडे उडाली. पंख दुखले. रडू आलं. आणि दमून ती बसली, कुठे बसली? बाळाच्या नाकावर!

लुटुलुटु चालली. नाकावरून वर, नाकावरून खाली. गुदुगुदु, गुदुगुदु!

बाळाचे डोळे नाकाकडे वळले. बाळाची मूठ वर आली. बाप रे! टिकली टुप्पकन अंगठ्यावर बसली.

बाळ हसलं. खुदुक्! खुदुक् खुदुक्!

बाळ गप्प झालं, मावशी धावत आली. मावशी आली, खुरपं खणू लागलं. खच्च खच्च! खुरप्याने खणलं, तुराटी उभी राहिली. मावशीने वर आडवी काडी बांधली. तुराटी उभी राहिली, कोतवाल येऊन बसला. फर्रर्र!

अळी अंड्यांच्या पानावर चढली. तोंड उघडलं. कर...

टप्प! 

करम नाही, बिरम नाही. अळी कोतवालाच्या पोटात!

टिकली पानाखाली गेली. अंडी मोजायला तिला कुठे येतं? पण एकूण एक अंड्याला तिने पाय लावून पाहिला. सगळी होती!

"आहात ना रे? सगळे आहात ना?" टिकली म्हणाली. आणि अंड्यांना चिकटून गाढ झोपली.

अळी गेली चोचीत, अंडी राहिली पानात, गोष्ट शिरली तुमच्या कानात!