मिरीचं खोबरं आणि नलूआत्याची स्कूटर

एक होती मुंगी. मिरीएवढी काळी, मिरीएवढी छोटी. म्हणून तिचं नाव मिरी.

काल होती खंडेनवमी. नलूआत्याने स्कूटरला आंघोळ घातली. हार घातला. चाकापुढे नारळ फोडला. फट्ट. खोबऱ्याचा एक तुकडा उडाला आणि गवतात पडला.

आज सकाळी तो मिरीला सापडला. केवढा मोठा. मिरीपेक्षा दहापट मोठा.

"माझी बाळं भुकेली आहेत," मिरी म्हणाली. "सगळ्यांना पुरेल."

तिने ओढला, ओढला, ओढला. बीळ अगदी जवळ आलं.

तेवढ्यात आली नलूआत्या. आज दसरा. आजोबांना त्यांच्या ताईकडे सोनं द्यायला न्यायचं होतं. आत्याने स्कूटर स्टँडवरून काढली. ढकलली. घस्स. स्कूटर बोटभर घसरली आणि बसली अडून. हलेना की डुलेना. आणि पुढचं चाक बसलं कशावर? मिरीच्या खोबऱ्यावर.

मिरीच्या सगळ्या बहिणी धावत आल्या. सगळ्यांनी मिळून ओढलं. हय्या हो. हय्या हो. खोबरं निघेना. मिरीला रडूच आलं.

पण रडून कधी खोबरं निघतं का? मिरीने डोळे पुसले. "तुम्ही राखण करा," ती बहिणींना म्हणाली. "मी आलेच."

मिरी चाकाकडे गेली. तुरुतुरु तुरुतुरु.

"चाकदादा, चाकदादा, सरक ना. माझं खोबरं काही निघेना."

चाक म्हणालं, "सरकतो की. पण आधी चकतीला सांग, फिर."

चाकाच्या मधोमध होती चकती. थाळीसारखी गोल. मिरी तिच्याकडे गेली. तुरुतुरु तुरुतुरु.

"चकतीताई, चकतीताई, फिर ना.
चाक सरकेना,
माझं खोबरं काही निघेना."

चकती म्हणाली, "फिरते की. पण आधी पॅडला सांग, सोड."

चकतीला घट्ट धरून बसला होता ब्रेकचा पॅड. मिरी त्याच्याकडे गेली. तुरुतुरु तुरुतुरु.

"पॅडभाऊ, पॅडभाऊ, सोड ना.
चकती फिरेना,
चाक सरकेना,
माझं खोबरं काही निघेना."

पॅड म्हणाला, "सोडतो की. पण आधी कॅलिपरला सांग, हल."

कॅलिपर म्हणजे ब्रेकचा चिमटा. तो पॅडला दाबून बसला होता. मिरी त्याच्याकडे गेली. तुरुतुरु तुरुतुरु.

"कॅलिपरकाका, कॅलिपरकाका, हला ना.
पॅड सोडेना,
चकती फिरेना,
चाक सरकेना,
माझं खोबरं काही निघेना."

कॅलिपर म्हणाला, "हलतो की. पण आधी पिनेला सांग, सूट."

कॅलिपरच्या पोटात होती पिन. तिच्यावरूनच तो सरकायचा. पावसाळाभर स्कूटर शेवग्याखाली उभी. वर कालची आंघोळ. बिचारी पिन गंजून लालेलाल झाली होती. मिरी तिच्याकडे गेली. तुरुतुरु तुरुतुरु.

"पिनमावशी, पिनमावशी, सूट ना.
कॅलिपर हलेना,
पॅड सोडेना,
चकती फिरेना,
चाक सरकेना,
माझं खोबरं काही निघेना."

पिन म्हणाली, "सुटते की. पण आधी ब्रशला सांग, घास."

तारेचा ब्रश होता घरात. मिरी निघाली. अंगण ओलांडलं. पायरी चढली. उंबऱ्यावर साखरेची चिमूट होती. पांढरी पांढरी, गोड गोड. मिरीने वास घेतला.

"आत्ता नको," ती म्हणाली. "आधी खोबरं." आणि गेली पुढे. तुरुतुरु तुरुतुरु.

आत होता पाट. पाटावर पाना. पाटावर पक्कड. पाटावर ब्रश आणि ग्रीसची डबी. सगळ्यांना हळदकुंकू, सगळ्यांना झेंडूचं फूल. खंडेनवमीला अवजारांची पूजा असते ना, तीच ही पूजा. ब्रश तर नवरदेवासारखा मिरवत बसला होता.

"ब्रशमामा, ब्रशमामा, घास ना.
पिन सुटेना,
कॅलिपर हलेना,
पॅड सोडेना,
चकती फिरेना,
चाक सरकेना,
माझं खोबरं काही निघेना."

ब्रश म्हणाला, "घासतो की. पण आधी आत्याला सांग, खोल."

नलूआत्या पायरीवर बसली होती. गाल फुगवून. मिरी तिच्याकडे गेली. तुरुतुरु तुरुतुरु.

"नलूआत्या, नलूआत्या, खोल ना.
ब्रश घासेना,
पिन सुटेना,
कॅलिपर हलेना,
पॅड सोडेना,
चकती फिरेना,
चाक सरकेना,
माझं खोबरं काही निघेना."

आत्या म्हणाली, "खोलते की. पण आधी आजोबांना सांग, पूजा उठवा. पूजा उठल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही. मघापासून मागे लागलेय मी त्यांच्या."

आजोबा उंबऱ्यापाशी बसले होते. नवी टोपी घालून. चष्मा कपाळावर. मिरी त्यांच्याकडे गेली. तुरुतुरु तुरुतुरु.

"आजोबा, आजोबा, पूजा उठवा ना.
आत्या खोलेना,
ब्रश घासेना,
पिन सुटेना,
कॅलिपर हलेना,
पॅड सोडेना,
चकती फिरेना,
चाक सरकेना,
माझं खोबरं काही निघेना."

आजोबा म्हणाले, "उठवतो की. पण आधी मुंगीला सांग, साखर खा."

"मुंगीला?"

"मुंगीला. आमच्या घरची रीत आहे. पूजेच्या साखरेचा पहिला दाणा मुंगीचा. तिने खाल्ला की पूजा उठते. दरवर्षी इथे मुंग्यांची रांग लागते. आज एक नाही आली. कुठे गेल्या सगळ्या, कोण जाणे."

कुठे गेल्या होत्या सगळ्या? खोबऱ्याची राखण करत होत्या.

मिरीने इकडे पाहिलं. मिरीने तिकडे पाहिलं. मग ती हसायलाच लागली.

"अहो आजोबा, मुंगी म्हणजे मीच की. मी मिरी."

आजोबांनी चष्मा नाकावर घेतला. वाकून पाहिलं.

"अरेच्चा," आजोबा म्हणाले. "खरंच की."

मिरीने साखरेचा एक दाणा खाल्ला. कुडुम.

आणि मग काय झालं?

आजोबांनी अक्षता टाकल्या. पूजा उठली.
आत्याने पाना घेतला. कर्र कर्र, खोललं.
ब्रशने गंज घासला. खस खस खस.
पिनेला ग्रीस लावलं. चपक चपक. पिन सुटली.
कॅलिपर हलला.

"पॅडला नाही हं ग्रीस लावायचं," आत्या म्हणाली. "नाहीतर ब्रेक लागायचाच नाही." तिने पॅड पुसून घेतला. सगळं परत बसवलं. बोल्ट आवळले, कर्र कर्र. ब्रेक दाबून पाहिला. एकदा, दोनदा, चारदा. लागतो? लागतो. सुटतो? सुटतो.

पॅडने सोडलं.
चकती फिरली.
चाक सरकलं. गर्रर्र.
आणि मिरीचं खोबरं निघालं.

जरासं चपटं झालं होतं. असू दे. चपटं खोबरं बिळात सरळ जातं.

मिरीने ओढलं, बहिणींनी ढकललं. हय्या हो. हय्या हो. बाळं वाट बघून दमली होती. त्यांनी खोबरं खाल्लं. कुडुम कुडुम कुडुम. मिरी नुसती बघत बसली. तिला फार फार बरं वाटलं.

आजोबा स्कूटरवर बसायला निघाले. मग थांबले. खिशातून आपट्याचं एक पान काढलं आणि बिळाच्या दाराशी ठेवलं.

"मिरे, सोनं घे," आजोबा म्हणाले. "सोन्यासारखी राहा."

स्कूटर गेली, भुर्रर्र. आत्याने आधी चाकाखाली वाकून पाहिलं, मगच नेली.

मिरीचं खोबरं मिरीला मिळालं. तुमच्या वाटीत काय उरलंय? चला, तोंड उघडा. पहिला घास मुंगीचा, दुसरा तुमचा.