आठ नंबरची आंबील

लेकराला कडेवर घेऊन रंजिता अर्ज द्यायला गेली. दवाखान्यासमोर जेवणाच्या डब्यांसाठी गाळा मिळाला नाही, तर तिच्या घरची चूल पेटणार नव्हती.

गाळे वाटपाचं काम पाहणारे निंबकरसाहेब हसले. "बाई, धंद्याआधी गिऱ्हाईक ओळखावं लागतं. काही अभ्यास केलाय?"

"केलाय ना, साहेब. दवाखान्यात आठ नंबरच्या खाटेवरच्या आजींना तुम्ही रोज हॉटेलची इडली आणायचात. त्या ती उशाशी तशीच ठेवायच्या आणि माझ्याकडची नाचणीची आंबील मागून प्यायच्या."

साहेबांचं हसू विरलं. आठ नंबरला त्यांची आईच होती. त्यांनी अर्जावर सही केली.

"पण तुम्ही तिथं कशा?"

"नऊ नंबरला ह्याचे बाबा होते," लेकराचं टोपरं सारखं करत रंजिता म्हणाली. "तुमच्या आई तेवढ्या घरी आल्या, साहेब."